गवंडी मामांबरोबर धाराशिवच्या आसपास

धाराशिव जिल्ह्यात बाहेरून येणारा माणूस बहुतेक तुळजापूरला येतो. भवानीचं दर्शन घेतो, कवड्यांची माळ आणि कुंकू घेतो आणि आल्या वाटेनं सोलापूरकडे निघून जातो. देवीच्या दारात आलेल्या माणसाबद्दल माझी तक्रार नाही. वाईट याचं वाटतं की शहरापासून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल एवढ्या अंतरावर डोंगरात कोरलेली लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं गाव आहे, धरणाच्या भिंतीत बांधलेला महाल आहे, आणि आपल्याच जिल्ह्यातली कितीतरी माणसं तिथं गेलेली नाहीत.

या वेळी ही ठिकाणं मला वेगळी दिसली, कारण बरोबर मामा होते. मामा औशाजवळच्या खेड्यातले. हातात थापी धरली तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले होते, आणि गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत त्यांनी गवंडीकाम केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. पुढची काही वर्षं मामा पुनर्वसनाच्या घरांवर कामाला होते. तेव्हापासून कुठल्याही भिंतीजवळ गेले की आधी हात लावून बघतात. इतिहासाची पुस्तकं त्यांनी वाचलेली नाहीत, पण बांधलेली वस्तू त्यांना वाचता येते.

सप्टेंबरचा मध्य होता. १७ तारखेची मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी आणि त्याच्या आदला दिवस, असे दोन दिवस आम्ही ठरवले. मी, मामा आणि नववीत शिकणारी माझी मुलगी.

पहिला दिवस : लेणी आणि तेर

सकाळी घरून सुशीला खाऊन निघालो. चुरमुऱ्यांची सुशीला पोटात असली की दुपारपर्यंत चिंता नसते. धाराशिव लेणी शहरापासून सात-आठ किलोमीटरवर आहेत. पठारावरून जाताना पुढं काही असेल असं वाटतच नाही. सगळं सपाट, कुसळी गवत, मधूनच एखादं बाभळीचं झाड. मग जमीन एकदम फाटल्यासारखी खाली जाते आणि बालाघाटातली ती घळ समोर येते. पायऱ्या उतरून आत जायचं. पावसाळ्याचा शेवट असल्यामुळं तळाला ओहोळ वाहत होता आणि दोन्ही अंगांना हिरवळ होती.

सगळ्यांत मोठं लेणं दुसऱ्या क्रमांकाचं. पुढं ओसरी, आत खांबांचा ऐसपैस मंडप, तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या राहण्याच्या लहान खोल्या आणि मागच्या भिंतीत गाभारा. अजिंठ्याचे विहार पाहिलेल्याला ही मांडणी लगेच ओळखू येते. गाभाऱ्यात मात्र पार्श्वनाथ आहेत, डोक्यावर नागफणा. ही लेणी मुळात बौद्ध होती आणि पुढं जैनांकडं आली, की आरंभापासून जैनच होती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. १८७० च्या दशकात जेम्स बर्जेस यांनी या लेण्यांची पाहणी केली, तेव्हापासून हा वाद चालत आलेला आहे.

मामांनी खांबावर तळवा ठेवला, मग नखानं खरवडल्यासारखं केलं. "दगड कच्चा हाय," ते म्हणाले. "कोरायला बरा, पण टिकायला अवघड. वेरूळचा दगड असता तर हे सगळं अजून धारदार दिसलं असतं." त्यांचं म्हणणं सगळीकडं दिसत होतं. कोरीव काम झिजून गोल झालेलं, दर्शनी भागाची पडझड झालेली. ज्यांनी कोरलं त्यांनाही दगडाची जात पहिल्या दिवशीच कळली असणार. तरी त्यांनी एवढा मोठा मंडप आत नेला.

या लेण्यांची एक कथा मला फार आवडते आणि ती इथं उभं राहूनच सांगायची असते. मुनी कनकामर यांनी साधारण अकराव्या शतकात अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' हे काव्य रचलं. त्यात करकंडू राजा तेरापूरला येतो. जवळच्या डोंगरात एक गुहा आहे आणि तिथल्या वारुळाची एक हत्ती रोज पूजा करतो, असं त्याला कळतं. राजा वारूळ खणायला लावतो, आतून पार्श्वनाथाची मूर्ती निघते. मूर्तीवर दगडाची एक गाठ असते. ती नकोशी वाटून राजा कारागिराला फोडायला सांगतो, आणि गाठ फुटताच पाण्याचा लोंढा उसळून गुहा भरून जाते. तेरापूर म्हणजे आपलं तेर आणि ती गुहा म्हणजे हीच लेणी, असं हे काव्य संपादित करणाऱ्या हिरालाल जैन यांनी दाखवून दिलं.

मुलीला ती चमत्काराची गोष्ट वाटली. मामांना नाही. "विहीर खोदणाऱ्याला विचार," ते तिला म्हणाले. "खडकात अशी गाठ लागती. सुरुंग लावला, गाठ फुटली की पाणी फुटतं. कारागिराला ठाऊक असणार, राजाला नसणार." कवीनं लिहिलेल्या ओळींमागं एखाद्या पाथरवटाचा अनुभव असेल, हे मला त्याआधी कधी सुचलं नव्हतं.

तासाभरात वर आलो आणि तेरचा रस्ता धरला. दोन्हीकडं सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं, उडीद-मूग निघून मोकळी झालेली रानं ज्वारीच्या पेरणीसाठी तयार. तेर येण्याआधी रेल्वेरूळ लागतात. हा मार्ग एके काळी बार्शी लाईट रेल्वेचा, अरुंद रुळांचा. तेव्हा पंढरीचे वारकरी याच गाडीनं जायचे.

तेर हे तेरणेच्या काठचं मोठं खेडं आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला खास काही दिसत नाही, म्हणून इथं यायच्या आधी थोडं माहीत करून घ्यावं लागतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात तो सांगतो की दक्षिणापथात दोन बाजारपेठा विशेष महत्त्वाच्या आहेत. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर. पैठणहून अकीक दगड येतो, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, आणि हा माल रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला पोचतो. हे तगर कुठलं यावर पुष्कळ तर्क झाले. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं आणि पुढच्या उत्खननांनी त्याला बळ मिळालं.

मी मुलीला एवढंच सांगितलं की आपण ज्या जमिनीवर गाडी लावली आहे तिथून निघालेलं कापड भडोचच्या बंदरात जहाजावर चढत होतं. तिनं विचारलं, "बाबा, मग ते विणणारे कुठं राहायचे?" उत्तर पायाखालीच होतं. तेरच्या भोवती पांढरीच्या मातीची टेकाडं आहेत. त्यांत घरं आहेत, रांजण आहेत, चुली आहेत. जोराचा पाऊस पडून माती धुपली की मणी आणि खापरं वर येतात.

ही वर आलेली वस्तू उचलून जपायची, असं तेरमधल्या एका माणसाला वाटलं म्हणून आज आपल्याला काही बघायला मिळतं. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यांच्या घरानं तो संग्रह वाढवला आणि पुढं शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय गावात आहे. माझ्या मते मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेची सहल एकदा तरी इथं यायला हवी. सातवाहनांची नाणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, काचेचे आणि अकीकाचे मणी आहेत, रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उमटवलेली पदकं आहेत. ती गळ्यात घालत असावेत, कारण ओवायला भोक आहे. परदेशी नाण्याचं अप्रूप तेव्हाही होतं.

मी सगळ्यांत जास्त वेळ पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींसमोर थांबलो. केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या या मूर्ती दोन साच्यांत दाबून केलेल्या आहेत. पुढचा साचा एक, पाठीचा एक, आणि दोन्ही अर्धे ओले असताना जोडायचे. बायकांचे केशभार, कानातली मोठी कुंडलं, गालांचा गोलवा, सगळं एवढ्याशा जागेत. मामांनी काचेपाशी डोळे नेऊन जोडाची रेघ शोधली. ती सापडली तेव्हा त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही. "इथं बोट फिरवलंय बघ. सांधा लपवायला. बोट बारीक हाय, बाईचं असंल." तसं असेल किंवा नसेल. पण दोन हजार वर्षांपूर्वी सांधा लपवण्यासाठी फिरवलेलं बोट आमच्यासमोर होतं.

हस्तिदंती स्त्रीमूर्ती ही तेरची सर्वांत नावाजलेली वस्तू. तिचं महत्त्व समजायला इटलीपर्यंत जावं लागतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पाँपेई शहर गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हिंदुस्थानी घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या दोन मूर्ती आपल्या मराठवाड्यात मिळाल्या, एक तेरला आणि दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. त्यामुळं पाँपेईची मूर्ती या भागातल्या कारागिरांच्या हातची असावी असं काही अभ्यासक मानतात. मुलीनं पाँपेईचा धडा शाळेत वाचला होता. तो धडा आणि हे गाव एकाच गोष्टीत आहेत, हे तिला पटायला थोडा वेळ लागला. मग ती परत त्या मूर्तीकडं गेली.

तरंगणाऱ्या विटांबद्दल मामांनी आधीच ऐकलं होतं. तेरच्या जुन्या मंदिरांच्या काही विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यात बुडत नाहीत. लोक त्याला दैवी मानतात. मामांनी सरळ सांगितलं, "मातीत तूस कालवलंय. भट्टीत तूस जळून जातं आन् तिथं भोकं राहतात. आपल्या भट्टीवर बी घालतात, पण एवढं घातलं तर वीट हातात फुटती. हे एवढं घालून बी फुटली नाही, हे खरं काम." कौतुक कुठल्या जागी करायचं हे त्यांना बरोबर कळत होतं.

त्रिविक्रम मंदिराकडं गेलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हे मंदिर विटांचं आहे आणि त्याचा आकार महाराष्ट्रात सहसा बघायला न मिळणारा. पुढून बघितलं तर छताखाली घोड्याच्या नालाच्या आकाराची कमान, मागून बघितलं तर भिंत अर्धगोल वळलेली, आणि छत हत्तीच्या पाठीसारखं गोलाकार. याला गजपृष्ठाकार म्हणतात. कार्ले किंवा अजिंठ्याच्या डोंगरात कोरलेले चैत्य आपण पाहतो, तशी विटांत बांधलेली उभी इमारत देशात अगदी मोजक्या ठिकाणी शिल्लक आहे. आंध्रातल्या चेजर्लाचं कपोतेश्वर मंदिर हे तिचं जवळचं भावंड. मूळचा हा बौद्ध चैत्य असावा आणि पुढं इथं विष्णूची स्थापना झाली असावी, असा अनेकांचा तर्क आहे. आत त्रिविक्रम उभा आहे, एक पाय वर उचललेला, तीन पावलांत विश्व व्यापणारा. पुढचा मंडप नंतर जोडलेला, हे त्याच्या सपाट छतावरून समजतं.

मामा मंदिराभोवती हळूहळू फिरले. मागच्या गोलाव्यापाशी थांबून त्यांनी भिंतीच्या रेषेवर डोळा लावला. ओळंबा नसतानाही ते नजरेनं ओळंबा धरतात. "सरळ भिंत कुणीबी बांधंल," ते म्हणाले. "गोल भिंतीत प्रत्येक विटंला तोंड थोडं फिरवावं लागतं. सांधा मागं रुंद, पुढं अरुंद. दोरी मधल्या खुंटीला बांधून फिरवली असणार." मग छताकडं बोट दाखवलं. त्या काळात कमानीची किल्ली, म्हणजे माथ्यावरचा मधला दगड, बसवून छत तोलायची रीत आपल्याकडं रुळलेली नव्हती. विटेचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोटभर आत सरकवत न्यायचा आणि दोन्ही बाजू वर जाऊन मिळवायच्या. घाई केली की थर आतल्या आत कोसळतो. चुना किंवा माती वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा थर. मामांनी हे समजावत असताना शेजारच्या ओट्यावर बसलेली दोन म्हातारी माणसं उठून जवळ आली आणि ऐकत उभी राहिली. आपल्या गावच्या देवळाबद्दल असं कुणी बोलताना त्यांनी ऐकलं नसावं.

किल्लारीचा विषय मामांनी स्वतःहून काढला नाही. मुलीनं विचारलं, "आजोबा, भूकंपात हे कसं राहिलं?" किल्लारी इथून फार लांब नाही. मामा म्हणाले, "देवाला ठाऊक. पण घरं पडली ती दगडांनी पडली. गोल दगड, मधी नुसती माती, आन् वर माळवदाचं वझं. भिंतीचे दोन पदर एकमेकांत बांधलेले नव्हते. हलल्याबरोबर पोट फुटलं." भिंतीत आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरानं घातला की दोन्ही पदर एकमेकांना धरून राहतात, हे पुनर्वसनाच्या कामात त्यांनी शेकडो वेळा सांगितलं आहे. त्या दिवशी पुन्हा सांगितलं.

शेवटी गोरोबाकाकांच्या समाधीला गेलो. तेर म्हणजे तेरढोकी, संत गोरा कुंभाराचं गाव. समाधी तेरणेच्या काठी, काळेश्वराच्या मंदिराजवळ आहे. परंपरेप्रमाणं शके १२३९, म्हणजे १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला, आणि त्या तिथीला इथं मोठी यात्रा भरते. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या नामात तल्लीन झालेल्या काकांच्या पायाखाली स्वतःचं लेकरू आलं, ही कथा महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र दुसरी जास्त जवळची वाटते. ज्ञानदेव, निवृत्ती, सोपान, मुक्ताई, नामदेव अशी सगळी संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. मुक्ताईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून हे काय म्हणून विचारलं. काका म्हणाले, यानं मडकं पक्कं की कच्चं ते कळतं. मग आमचीही परीक्षा घ्या, असं मुक्ताई म्हणाली. काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं. बाकीचे शांत बसले, नामदेवांना ते रुचलं नाही, आणि काकांनी निकाल दिला की हे मडकं कच्चं राहिलं. तिथून नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथाला विसोबा खेचरांकडं गेले. तेही आपल्याच मराठवाड्यात.

साऱ्या संतमंडळींना पारखण्याचा अधिकार या कथेत एका कुंभाराला मिळाला आहे आणि पारखण्याचं साधन त्याच्या कामाचं आहे. ज्या गावानं हजार वर्षं मातीची भांडी, मातीच्या मूर्ती आणि मातीच्या विटा घडवल्या, त्याच गावात ही कथा जन्मावी याचं मला नवल वाटत नाही. मामा समाधीपुढं बराच वेळ हात जोडून उभे होते.

दुसरा दिवस : नळदुर्ग

सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, तिथूनच मुलीला घेऊन निघालो. तुळजापूरला थांबलो नाही. नवरात्र जवळ आलं होतं, रस्त्यावर मांडवांची बांधाबांध सुरू होती. मामांनी गाडीतूनच कळसाला हात जोडले, "आई, परत येतो," म्हणाले आणि आम्ही पुढं गेलो.

या प्रवासात एक गोष्ट नकाशा बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. आदल्या दिवशी पाहिलेली तेरणा मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. आज ज्या बोरीकडं चाललो होतो ती भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. बालाघाटाचा हा माथा दोन मोठ्या नद्यांचं पाणी वाटून देतो. ज्या जिल्ह्याची ओळख टँकर आणि दुष्काळ अशी झाली आहे, त्याच्या डोक्यावरून दोन्हीकडं पाणी वाहून जातं. म्हणूनच इथं जुन्या लोकांनी पाणी कसं अडवलं हे बघायला नळदुर्गला जायचं.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. १७ सप्टेंबरला इथं येण्याचं आणखी एक कारण आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरलं, तेव्हा पहिल्या काही तासांतच नळदुर्गचा किल्ला आणि बोरीवरचा पूल ताब्यात घेण्यात आला. पूल उडवला गेला असता तर हैदराबादकडं जाणारी फौज नदीपाशीच अडकली असती. पुढं चार दिवसांत निजामानं शरणागती पत्करली आणि मराठवाडा मुक्त झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षं लढलेल्या माणसांच्या कष्टांना तेव्हा फळ आलं. आमच्या आजोबांनी रझाकारांच्या भीतीनं धान्य जमिनीत पुरून ठेवलं होतं, हे मामांनी त्या पुलावरून जाताना मुलीला सांगितलं. शाळेतल्या भाषणात ऐकलेला शब्द तिला पहिल्यांदाच घरातला वाटला असावा. तिनं पुढं कितीतरी प्रश्न विचारले.

किल्ला बोरी नदीच्या खोऱ्यात पुढं आलेल्या काळ्या खडकाच्या उंचवट्यावर आहे. तटबंदीचा घेर जवळजवळ तीन किलोमीटर आणि बुरूज ११४ असल्याचं सांगतात. आज दिसणारं दगडी बांधकाम मुख्यतः आदिलशाहीतलं. त्याआधी बहामनी, त्याहीआधी कल्याणीच्या राजांशी नातं जोडतात. पुढं मोगल आणि मग निजाम. प्रत्येक सत्तेला हा किल्ला हवा होता, कारण विजापूर, सोलापूर आणि बीदरच्या वाटा इथून जवळ पडत.

तटावरून चालताना नवबुरूज लागतो. एकाच बुरुजाला नऊ गोल पाकळ्या काढलेल्या आहेत. माऱ्याला जास्त कोन मिळावेत म्हणून असेल, पण बांधणाऱ्याला तो आकार आवडलाही असणार. उपळ्या बुरूज सगळ्यांत उंच. मामांच्या गुडघ्यांमुळं त्यांनी खालीच थांबायचं ठरवलं, मी आणि मुलगी वर जाऊन आलो. वर लांब तोफा पडलेल्या आहेत आणि सगळं खोरं नजरेत येतं. वारा एवढा की बोलणं ऐकू येत नव्हतं.

खरं बघायचं ते पाणी महाल. किल्ला आणि नदीपलीकडचा त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांच्या मध्ये बोरीवर दगडी बंधारा आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली तो पुरा झाला. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटात जिन्यानं उतरत जायचं, आणि खाली खोल्या, कमानी आणि सज्जा. एका अंगाला पूर्ण नदीचं पाणी तुंबलेलं आणि दुसऱ्या अंगाला उघडी खिडकी. आतमध्ये एक फारसी शिलालेख आहे. त्याचा भाव असा की हा महाल बघून मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढं अंधार यावा.

या वर्षी पाऊस चांगला होता म्हणून नर आणि मादी दोन्ही वाहत होते. तलाव भरला की जादा पाणी बंधाऱ्यातल्या दोन वाटांनी खाली कोसळतं. मोठा तो नर, लहान ती मादी. महालाच्या खिडकीत उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा खाली जातो आणि महाल मात्र कोरडा राहतो. तुषार तोंडावर येतात तेवढेच. मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी १८५३ नंतर काही वर्षं नळदुर्गला राहून हा मुलूख सांभाळत होता. त्यानंही आपल्या आत्मचरित्रात या जागेबद्दल लिहून ठेवलं आहे.

मामा बंधाऱ्याच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मी विचारलं, "मामा, काय वाटतं?" त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "धरणाची भिंत वजनावर उभी राहती. पाणी ढकलतं, भिंत आपल्या वझ्यानं बसून राहती. यानं त्या वझ्यातच पोकळी केली. म्हंजे पाया किती रुंद घेतला असंल आन् किती विचार केला असंल." थोड्या वेळानं त्यांनी दगडांमधल्या सांध्यांकडं लक्ष वेधलं. जुने लोक पाण्यातल्या कामाला चुन्यात विटेची भुकटी घालायचे. तिला सुरखी म्हणतात. तसा चुना ओलाव्यातही घट्ट होतो, नुसता चुना होत नाही. मामांनी तरुणपणी एका बारवेच्या दुरुस्तीत घाणीवर मळलेला असा चुना वापरला होता. "घाणीचा चुना आता कुणी करत नाही. मला येतं, पण शिकणारा नाही," असं ते म्हणाले. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. अशा वास्तूंची डागडुजी सिमेंटनं केली की ओल आत कोंडते आणि जुना दगड लवकर सुटतो. चुन्याचं काम येणारी माणसं अजून खेड्यापाड्यांत आहेत. त्यांना बोलावून दोन पोरं हाताखाली द्यायला हवीत, तीही लवकर.

नर-मादीपाशी गर्दी पुष्कळ होती आणि गर्दीबरोबर येणाऱ्या पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, कमानीवर कोरलेली नावंही होती. चारशे वर्षं नदीला तोंड देणाऱ्या दगडावर खिळ्यानं नाव कोरू नये, एवढी विनंती हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे. माझ्या मुलीनं कोरत असलेल्या दोन मुलांना तसं सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही.

लिंबाच्या सावलीत धपाटे, दही आणि शेंगाचटणी खाल्ली. मग परतताना अणदूरच्या खंडोबाला थांबलो. अणदूर आणि नळदुर्गचं मैलारपूर ही दोन गावं एकच देव वाटून घेतात. वर्षाचा बराच काळ मूर्ती अणदूरला असते आणि पौषाच्या सुमाराला नळदुर्गला. ठरलेल्या तिथीला दोन्हीकडचे मानकरी करार करून मूर्ती हस्तांतरित करतात आणि शेकडो वर्षांत हा करार मोडलेला नाही.

कुणाला यायचं असेल तर थोडं सांगतो. एकच दिवस हातात असेल तर सकाळी लेणी आणि नंतरचा सगळा वेळ तेरला द्या. संग्रहालय घाईत बघू नका आणि त्रिविक्रमाच्या मागच्या बाजूला नक्की जा. नळदुर्गला स्वतंत्र दिवस ठेवा, शक्यतो भाद्रपद-आश्विनात, आणि निघण्याआधी बोरीचा तलाव भरला आहे का ते तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारा. तलाव भरलेला नसेल तर नर-मादी वाहत नाहीत, पण पाणी महाल तेव्हा अधिक निवांत बघता येतो. घरात कुणी गवंडी, सुतार, कुंभार, विणकर असेल तर त्यांना बरोबर न्या. मामांनी परांड्याचा किल्ला अजून बघितलेला नाही. दिवाळीनंतर त्यांचे गुडघे बरे असले तर तिकडं जायचं ठरलं आहे.